शालेय पोषण आहाराची संगणकीय नोंद

शालेय पोषण आहाराची संगणकीय नोंद म्हणजे शाळेत दररोज शिजणाऱ्या मध्यान्ह भोजनाचा पदार्थ, जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आणि धान्यादी मालाचा साठा संगणकप्रणालीत किंवा मोबाइल ॲपमध्ये नोंदविण्याची व्यवस्था होय. महाराष्ट्रातील शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांमध्ये इयत्ता पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ही नोंद ठेवली जाते. शिक्षकांच्या बोलण्यात तिला सर्रास ‘एमडीएम भरणे’ असे म्हणतात. वरवर पाहता ही कारकुनी बाब आहे. तथापि मुलांना आहार मिळाला की नाही याचा शासनाकडे पोहोचणारा रोजचा पुरावा हीच नोंद असते. मुख्याध्यापकाची आर्थिक जबाबदारीही तिच्यावरूनच ठरते.

पार्श्वभूमी

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू केली. आरंभी अनेक राज्यांत शिजवलेले अन्न दिले जात नसे. ८० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्याला दरमहा ३ किलो धान्य घरी नेण्यासाठी मिळे. त्या काळी महिन्यातून एकदा पिशव्या भरून दिल्या आणि पालकाची सही किंवा अंगठा घेतला की हिशेब संपत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला, आणि मासिक हिशेबाच्या जागी रोजचा हिशेब आला. आज किती मुले बसली, किती तांदूळ भिजला, कोणती डाळ पडली हे दररोज लिहिणे अपरिहार्य झाले. २००८ पासून योजना आठवीपर्यंत विस्तारली. २०२१ मध्ये तिचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे झाले. शाळेच्या आवारात मात्र अजूनही ‘खिचडी’ हेच नाव चालते, मग ताटात त्या दिवशी उसळभात असला तरी.

अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ अन्वये हे भोजन मुलांचा कायदेशीर हक्क ठरले. त्याखाली २०१५ मध्ये झालेल्या नियमांनुसार धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी यांच्या अभावी भोजन देता आले नाही, तर विद्यार्थ्याला अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. सलग ३ शालेय दिवस किंवा महिन्यात किमान ५ दिवस आहार न मिळाल्यास राज्य शासनाने जबाबदारी निश्चित करावी, असेही त्यांत नमूद आहे. म्हणूनच ‘आज आहार शिजला नाही’ या पर्यायावर टिचकी मारून कारण निवडणे ही क्षुल्लक कृती नव्हे. ते कारण संकोचाने किंवा वरिष्ठांच्या भीतीने भरले गेले नाही, तर भत्त्याचा हक्कच कागदावरून नाहीसा होतो.

प्रणालीची मांडणी

शाळा आपल्या ११ अंकी यू-डायस क्रमांकाने ओळखली जाते. वर्षारंभी पटसंख्या, आहार घेणारे वर्ग, स्वयंपाकी व मदतनीस यांची माहिती आणि मालाची आरंभीची शिल्लक भरली जाते. त्यानंतर आठवड्याची पाककृती ठरविण्याचा टप्पा येतो. तांदूळ हा बहुतेक दिवशी गृहीत असतो. त्याच्या जोडीला कोणत्या वारी मूगडाळ, मसूरडाळ, तूरडाळ, मटकी, चवळी, हरभरा किंवा वाटाणा हे निवडावे लागते. तेल, जिरे, मोहरी, हळद, तिखट, मीठ व मसाला यांचे प्रमाण त्या निवडीला जोडलेले असते.

रोजच्या नोंदीत तीन संख्यांचा संबंध येतो: पट, उपस्थिती आणि लाभार्थी. नवख्या शिक्षकाची पहिली गफलत येथेच होते. उपस्थित मूल जेवतेच असे नाही. कोणी डबा आणते, कोणाचे पोट दुखत असते, कोणी मधल्या सुट्टीत घरी जाते. लाभार्थ्यांच्या रकान्यात उपस्थितीचाच आकडा भरण्याची सवय लागली की साठ्याचा हिशेब हळूहळू सत्यापासून दूर सरकतो.

प्रमाण आणि गणित

पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्याला दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम कडधान्य, ५० ग्रॅम भाजीपाला व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण अनुक्रमे १५०, ३०, ७५ व ७.५ ग्रॅम असून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने अपेक्षित आहेत. लाभार्थी संख्या भरताच प्रणाली हे गुणाकार स्वतः करते. एखाद्या शाळेत पहिल्या गटातील ६२ व दुसऱ्या गटातील ३८ मुले जेवली, तर तांदूळ ६.२ अधिक ५.७ म्हणजे ११.९ किलो, कडधान्य १.२४ अधिक १.१४ म्हणजे २.३८ किलो, आणि तेल ५९५ ग्रॅम साठ्यातून आपोआप वजा होते.

हे गणित अचूक असते, पण ते प्रमाणाचे गणित आहे, पातेल्याचे नव्हे. जुना तांदूळ फुगतो, नवा चिकट होतो. शनिवारी सकाळच्या शाळेत मुले कमी खातात, सहलीच्या दुसऱ्या दिवशी जास्त. स्वयंपाकीण ताई डोळ्यांच्या अंदाजाने माप घेतात आणि तो अंदाज बहुधा बरोबर असतो, परंतु तो ५९५ ग्रॅम नसतो. शिवाय ५० किलोचे म्हणून उतरलेले पोते प्रत्यक्ष तोलले नाही आणि त्यात अर्धा किलो कमी निघाला, तर अशा दर ४ पोत्यांमागे २ किलोची तूट पडते. पडद्यावर शिल्लक दिसते आणि कोठीत पोते रिकामे असते. तपासणीच्या दिवशी या तफावतीचे उत्तर मुख्याध्यापकाला द्यावे लागते. यावर एकच उपाय टिकाऊ ठरला आहे: माल उतरवून घेताना वजनकाट्यावर घालणे, आणि पावतीवर छापलेला नव्हे तर प्रत्यक्ष भरलेला आकडा आवक म्हणून नोंदविणे. उंदीर, ओल किंवा सोंडे यांमुळे खराब झालेल्या मालाचा पंचनामा वेळीच केला नाही, तर प्रणाली तो माल खाण्याजोगा समजून पुढे मोजत राहते.

चव आणि सुरक्षितता

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत कीटकनाशकाने दूषित झालेले मध्यान्ह भोजन खाऊन २३ बालके दगावली. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखावे हा नियम सर्वत्र कसोशीने पाळला जाऊ लागला तो या दुर्घटनेनंतर. महाराष्ट्रातील शाळांत यासाठी चव नोंदवही असते. शिक्षक, व्यवस्थापन समितीचा सदस्य किंवा पालक चव घेऊन तीत अभिप्राय लिहितात. ही वही आजही हाताने लिहिली जाते. पाच दिवस एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले ‘चव उत्तम’ अनुभवी तपासनीस लगेच ओळखतो. पडद्यावर निवडलेल्या पर्यायाला असे हस्ताक्षर नसते, ही संगणकीय नोंदीची एक उणीवच म्हटली पाहिजे.

अंडे की केळे

आहारातील पर्यायांचा प्रश्न महाराष्ट्रात प्रकर्षाने पुढे आला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये. शासनाने आठवड्यातून एकदा अंडे व ते न खाणाऱ्या विद्यार्थ्यांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचे ठरविले. त्यावर अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही बाजूंनी मते व्यक्त झाली. जानेवारी २०२४ मध्ये पालकांची पसंती लेखी घेण्याची आणि विद्यार्थ्याच्या ओळखपत्रावर लाल किंवा हिरवी खूण करण्याची सूचना आली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा राज्य निधी थांबवून तो पर्याय लोकसहभागावर सोपविण्यात आला.

नोंदीच्या दृष्टीने येथे मूलभूत फरक पडतो. खिचडी की उसळ ही निवड संपूर्ण शाळेची असते. अंडे की केळे ही निवड प्रत्येक मुलाची असते. पहिल्या प्रकारात एक आकडा पुरतो, दुसऱ्यात नावनिशीवार यादी लागते, आणि ती केवळ पटावरून नव्हे तर त्या दिवशीच्या हजेरीवरून काढावी लागते. अन्यथा अंडी उरतात आणि केळी कमी पडतात. याहून नाजूक बाब म्हणजे आहाराची पसंती ही बहुधा जात, धर्म व घरच्या परिस्थितीची खूण असते. ती यादी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटविली किंवा ओळखपत्रावर रंगविली, तर जेवणाच्या पंगतीतच मुलांचे दोन गट पडू शकतात. एका पंगतीत बसून एकत्र जेवणे हा या योजनेच्या प्रमुख हेतूंपैकी एक आहे. स्वयंपाक्याला फक्त संख्या व वाढणाऱ्या शिक्षकाला फक्त आपल्या वर्गाची यादी दिसेल अशी मांडणी करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

खासगी व निवासी शाळांतील स्वरूप

खासगी शाळांच्या व्यवस्थापन प्रणालींत भोजनाचा स्वतंत्र विभाग असतो. त्यात पदार्थ, वार, दर आणि निवड बदलण्याची अंतिम वेळ ठरविता येते. शाकाहारी, मांसाहारी आणि कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेले जैन भोजन असे पर्याय सामान्यतः ठेवले जातात. अशा प्रणालींत वारंवार आढळणारा दोष म्हणजे पसंती कायमची मानणे. वास्तविक श्रावणात अंडे सोडणारे मूल भाद्रपदात पुन्हा खाऊ लागते, एकादशीला साबुदाणा लागतो, रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मोठ्या मुलांचे दुपारचे जेवण नसते. म्हणून प्रत्येक पसंतीला आरंभ व समाप्तीची तारीख जोडता येणे आवश्यक असते. शेंगदाणा, दूध किंवा गव्हाची ॲलर्जी मात्र या यादीत पसंती म्हणून घालू नये. तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवून तो पालक किंवा विद्यार्थी सहज बदलू शकणार नाही अशी तजवीज करतात.

अडचणी

नंदुरबार, गडचिरोली व मेळघाटातील अनेक पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळण्यासाठी शिक्षकाला टेकडीवर किंवा फाट्यापर्यंत जावे लागते. द्विशिक्षकी शाळेत त्या वेळात दोन-तीन वर्ग मोकळे राहतात. त्यामुळे काही ठिकाणी सकाळी हजेरी होण्यापूर्वीच अंदाजाने आकडे भरून ठेवण्याची प्रथा पडली. केंद्रीय पातळीवर रोजची आकडेवारी गोळा करण्याच्या व्यवस्थेत म्हणूनच ॲपखेरीज एसएमएसचाही मार्ग ठेवला गेला. ऑनलाइन नोंद सुरू झाल्यावर कागदी नोंदवह्या बंद होतील अशी शिक्षकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात साठा नोंदवही, चव नोंदवही व दैनंदिन वाटपाची वही बहुतेक शाळांत आजही समांतर लिहिल्या जातात, आणि पडद्यावरचा व वहीतला आकडा जुळविणे हे महिनाअखेरीचे एक वेगळेच काम होऊन बसले आहे.