गायक गेममध्ये कसे शिरले

घाटकोपरला आमच्या गटाची बैठक चालू असली, की मागे पोरं आयांच्या फोनवर गेम खेळत असतात. लॉकडाऊन उठल्यावर एकाने मध्येच विचारलं, "आई, अलोक घेऊ? ५९९ हिरे." हिरे ऐकून आम्ही घाबरलोच!

मग कळलं, अलोक हा ब्राझीलचा डीजे. २०१९ मध्ये तो 'फ्री फायर' गेममधलं पात्र झाला. तो संगीत लावतो आणि शेजारच्या साथीदारांची गेलेली ताकद भरून येते. हिरे मात्र रिचार्जच्या खऱ्या पैशांनी घ्यायचे.

ही चाल जुनीच. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या 'जर्नी' बँडवर गेम निघाला, १९९० मध्ये मायकेल जॅक्सन गेममध्ये नाचून शत्रूंना हरवू लागला. आपल्याकडे २०११ मध्ये 'रा.वन' आला, गोष्टच गेमची. त्यात अमेरिकेचा एकॉन हिंदीत गायला, आणि सिनेमाच्या नावाचा गेमही निघाला. एप्रिल २०२० मध्ये ट्रॅव्हिस स्कॉट 'फोर्टनाइट'मध्ये गायला, तेव्हा एका वेळी १ कोटी २३ लाख खेळाडू हजर होते. तिकीट नव्हतं. जत्रेत शिरायला तरी कुठे पैसे पडतात?

फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने फ्री फायरवर बंदी घातली. त्याआधीच आम्ही त्या पोराला विचारलं होतं, ५९९ हिऱ्यांचे रुपये किती? त्याला सांगता येईना. मग गटाच्या वहीत त्यालाच हिशेब मांडायला बसवलं.