कल्हईवाला आणि फोमवरचे निकेल

रत्नागिरीकडे आमसुलाचे सार पितळेच्या पातेल्यात करायचे तर आत कल्हई हवीच, नाहीतर पदार्थ कळकतो. कल्हईवाला भांडे तापवी, नवसागर टाकून पृष्ठभागावरचे ऑक्साइड घालवी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने फासत नेई. बळकटी पितळेची, अन्नाशी गाठ मात्र कथलाची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून हे काम भात्याच्या आचेवर साधे.

गादीतल्या फोमला असाच धातूचा मुलामा देता येईल का? हा फोम पॉलियुरेथेनचा. हे बहुवारिक ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत तयार केले. कल्हईची आच त्याला सोसणार नाही. वीज त्यातून वाहत नाही, तेव्हा विद्युत विलेपनही थेट करता येत नाही.

वाट सापडली ती एका न जुळणाऱ्या हिशेबातून. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत अॅबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल नळ्यांना आतून निकेलचा मुलामा देत होते. नको असलेले ऑक्सिडीकरण टाळावे म्हणून त्यांनी द्रावणात सोडियम हायपोफॉस्फाइट घातले. फॅराडेच्या नियमानुसार जितके निकेल बसायला हवे, त्याहून अधिक बसले. नळीच्या बाहेरच्या अंगालाही बसले! फॅराडे चुकले नव्हते. जादा निकेल विजेने नव्हे, हायपोफॉस्फाइटने क्षपण होऊन आले होते. ही अभिक्रिया व्युर्त्स यांनी १८४४ मध्येच पाहिली होती, पण त्यांना मिळाली ती निकेलची भुकटी. चिवट थर देणारी पद्धत ब्रेनर-रिडेल यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. (शाळेत परीक्षानळीत चांदीचा आरसा करतात, तोही विजेविनाच.)

फोमवर आधी कथलाच्या क्लोराइडचे आणि मग पॅलेडियमच्या क्लोराइडचे द्रावण फिरवतात. पॅलेडियमचे सूक्ष्म कण चिकटतात आणि तिथून निकेल धरू लागते. गंमत अशी की, कथील इथेही आहे, पण केवळ पूर्वतयारीला. द्रावण छिद्राछिद्रांत शिरत असल्याने थर आतपर्यंत पोचतो. एकदा पृष्ठभाग वाहक झाला की पुढची जाडी विजेने वाढवता येते.

फोम तसाच ठेवला तर वस्तू हलकी राहते, दाबली जाते, वीज वाहून नेते आणि रेडिओलहरीही अडवते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या फटींत ती बसवतात ती यासाठीच. फोम जाळून टाकला तर निकेलचा पोकळ सांगाडा उरतो. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत क्रियाशील पदार्थ भरतात तो ह्याच सांगाड्याच्या छिद्रांत.