वाचनातील अनुमान

वाचनातील अनुमान म्हणजे मजकुरात स्पष्ट शब्दांत न सांगितलेली गोष्ट, मजकुरातील खुणा आणि वाचकाचे पूर्वज्ञान यांच्या आधारे जाणून घेण्याची क्रिया होय. कोणताही लेखक सर्व काही लिहीत नाही. वाचक ते भरून काढील या विश्वासाने तो पुष्कळसे वगळतो. ही वगळलेली जागा भरणे हा आकलनाचा गाभा मानला जातो. अनुमान आणि केवळ अंदाज यांत फरक आहे. अंदाजाला आधार असेलच असे नाही. अनुमान करणाऱ्याला मात्र आपला आधार मजकुरात दाखवता यावा लागतो.

शालेय शिक्षणात या कौशल्याला विशेष महत्त्व आहे. अस्खलित वाचणारा, परंतु अनुमान करू न शकणारा विद्यार्थी वर्गात सहसा लक्षात येत नाही. प्रश्नातील शब्द धड्यात शोधून त्यालगतचे वाक्य उतरवले की त्याचे उत्तर बरोबर ठरते. त्याची अडचण पुढे गणितातील शाब्दिक उदाहरणे, इतिहासातील साधने आणि अपठित उतारे यांच्या वेळी उघड होते.

स्वरूप

पुढील दोन वाक्ये पाहावीत : ‘सुमनने छत्री उघडीच ओसरीवर ठेवली. पदराने केस टिपत ती आत गेली आणि तिने चुलीवर चहाचे आधण ठेवले.’ यांत ‘पाऊस’ हा शब्द नाही. तरीही उघडी ठेवलेली छत्री आणि टिपावे लागणारे केस या दोन खुणांवरून बाहेर पाऊस असल्याचे कळते. ‘पदर’ या शब्दावरून सुमन ही लहान मुलगी नसावी, तर ‘ओसरी’ व ‘चूल’ यांवरून घर जुन्या वळणाचे असावे, असे म्हणता येते. ‘सुमन घरात एकटीच होती’ हे विधान शक्य असले तरी त्याला मजकुरात आधार नाही. निश्चित, संभाव्य आणि निराधार अशा तीन पातळ्यांमधील हा भेद ओळखता येणे, हे अनुमानाच्या अध्यापनाचे मुख्य उद्दिष्ट असते.

प्रकार

अनुमानाचे सामान्यतः पुढील प्रकार केले जातात :

• जोडणारे अनुमान : दोन वाक्यांतील संबंध जुळवणे. वरील उदाहरणात ‘ती’ म्हणजे सुमन, हे जाणणे.
• पूरक अनुमान : पूर्वज्ञानाच्या आधारे न सांगितलेला तपशील भरणे. पाऊस, घराचे स्वरूप इत्यादी.
• शब्दार्थाचे अनुमान : अपरिचित शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावणे.
• समग्र अनुमान : पात्राचा स्वभाव, लेखकाची भूमिका किंवा लेखाचा आशय संपूर्ण मजकुरावरून ठरवणे.

यांपैकी पहिल्या प्रकाराशिवाय मजकुराचा धागाच जुळत नाही. इतर प्रकारांनी अर्थ समृद्ध होतो.

भारतीय परंपरेतील विचार

न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली आहेत. पर्वतावर धूर दिसतो, त्यावरून तेथे अग्नी असल्याचे कळते, हे अनुमानाचे रूढ उदाहरण आहे. यात धूर हा हेतू असून ‘जेथे धूर तेथे अग्नी’ या नियत संबंधास व्याप्ती म्हणतात. व्याप्ती ढासळली की हेतू खोटा ठरतो. अशा सदोष हेतूला हेत्वाभास म्हणतात. हा विचार वाचनाला सहज लागू पडतो. केवळ छत्रीवरून पाऊस ठरवणे सदोष होय, कारण छत्री उन्हातही वापरतात. ओल्या केसांची दुसरी खूण मिळाल्यावर अनुमान बळकट होते.

नैयायिकांनी स्वतःपुरते केलेले स्वार्थानुमान आणि दुसऱ्याला पटवण्यासाठी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन या पाच अवयवांत मांडलेले परार्थानुमान असा भेद केला आहे. विद्यार्थ्याला उत्तर सुचणे आणि त्याने ते कारणासह वर्गापुढे मांडणे, यांतील अंतर या भेदातून स्पष्ट होते.

साहित्यशास्त्रात आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात वाच्यार्थापलीकडील व्यंग्यार्थाला काव्याचा आत्मा मानले. सूर्यास्त झाल्याचे साधे विधान गुराख्याला गुरे घरी नेण्याची, तर उपासकाला संध्यावंदनाची सूचना देते, अशा प्रकारची उदाहरणे या चर्चेत येतात. अकराव्या शतकातील महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ या ग्रंथात मात्र व्यंग्यार्थ हा अनुमानानेच प्राप्त होतो, त्यासाठी व्यंजना ही वेगळी शक्ती मानण्याची गरज नाही, असे प्रतिपादन केले. मम्मटादी आलंकारिकांनी हे मत स्वीकारले नाही.

मराठी भाषेतील खुणा

मराठीत अनुमानाला आधार देणाऱ्या अनेक व्याकरणिक खुणा आहेत. ‘रमेशही आला’ या वाक्यावरून आणखी कोणी आल्याचे, तर ‘रमेशच आला’ यावरून इतर कोणी न आल्याचे कळते. ‘तो मोठा अधिकारी आहे म्हणे’ यातील ‘म्हणे’मुळे माहिती ऐकीव असल्याचे आणि बोलणारा तिची हमी घेत नसल्याचे सूचित होते. ‘आला असावा’, ‘आला असणार’ या क्रियापदरूपांत तर बोलणाऱ्याचे अनुमानच व्यक्त होते.

‘ते आले’ या वाक्यातील ‘ते’ म्हणजे एखादे मूल, एक आदरणीय पुरुष किंवा अनेक जण असू शकतात. निर्णय संदर्भावरून करावा लागतो. संवादातील ‘अरे’, ‘अगं’, ‘अहो’ या संबोधनांवरून पात्रांचे नाते व वयातील अंतर समजते. जुन्या कथांमध्ये पत्नी पतीचे नाव न घेता ‘हे अजून आले नाहीत’ असे म्हणते. ही रीत ठाऊक नसलेल्या आजच्या विद्यार्थ्याला अशा वाक्याचा उलगडा होत नाही. तेव्हा उणीव तर्काची नसून माहितीची असते.

आधुनिक संशोधन

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, वाचक मजकूर जसाच्या तसा स्मरणात ठेवत नाहीत, तर आपल्या पूर्वज्ञानाच्या चौकटीत त्याची पुनर्रचना करतात, असे दाखवले. जॉन ब्रॅन्सफर्ड व मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये कपडे धुण्याचे मोघम वर्णन असलेला एक उतारा प्रयोगात वापरला. विषय आधी सांगितलेल्यांना तो समजला व अधिक आठवला. विषय नंतर सांगितल्याचा लाभ झाला नाही.

१९८६ मध्ये फिलिप गॉफ व विल्यम टनमर यांनी वाचन-आकलन हे शब्दवाचन आणि भाषिक आकलन या दोहोंवर अवलंबून असते, असे प्रतिमान मांडले. जेन ओकहिल व निकोला युइल यांनी शब्द अचूक वाचणाऱ्या, पण आकलनात मागे पडणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. या मुलांना अनुमान करणे कठीण जाते, असे त्यांना आढळले.

अध्यापन पद्धती

• विचार मोठ्याने मांडणे : शिक्षक वाचता वाचता थांबून आपण कोणत्या शब्दावरून काय समजलो, हे बोलून दाखवतात.
• तीन रकान्यांचा तक्ता : ‘मजकुरात काय आहे’, ‘मला काय माहीत आहे’ आणि ‘म्हणून काय समजते’ असे रकाने विद्यार्थी भरतात.
• प्रश्न-उत्तर संबंध : टॅफी राफेल यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या या पद्धतीत उत्तर एकाच जागी आहे, अनेक जागी विखुरलेले आहे, लेखक व वाचक यांच्या मेळातून मिळते की केवळ वाचकाकडे आहे, हे विद्यार्थी आधी ठरवतात.
• परस्पर अध्यापन : अ‍ॅनमेरी पालिन्सार व अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत भाकीत करणे, प्रश्न विचारणे, शंकानिरसन आणि सारांश या चार कृती विद्यार्थी आळीपाळीने चालवतात.

या पद्धतींत ‘हे कशावरून?’ हा प्रश्न मध्यवर्ती असतो. तो चुकीच्या उत्तरापुरता मर्यादित न ठेवता बरोबर उत्तरालाही विचारणे आवश्यक असते. अन्यथा ‘कशावरून’ म्हणजे ‘चूक’ असा समज होऊन मुले बोलेनाशी होतात. लिपी पुरती न शिकलेल्या मुलांसाठी ऐकलेली गोष्ट किंवा चित्र यांवरूनही हा सराव घेता येतो.

मूल्यमापन

चौथ्या इयत्तेच्या विद्यार्थ्यांसाठी २००१ पासून होणाऱ्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचन-अभ्यासात स्पष्ट माहिती शोधणे आणि सरळ अनुमान करणे या स्वतंत्र प्रक्रिया मानल्या आहेत. भारतात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या नावातच आकलनासह वाचनाचा समावेश आहे. महाराष्ट्रातील शालान्त परीक्षेच्या मराठी कृतिपत्रिकेत आकलनकृतींबरोबर स्वमताच्या कृतीही असतात. स्वमत आणि अनुमान मात्र एक नव्हेत : स्वमतात विद्यार्थी आपले म्हणणे मांडतो, अनुमानात तो मजकुराचे म्हणणे ओळखतो.

मर्यादा

डोना रेक्ट व लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ मधील अभ्यासात बेसबॉलची चांगली माहिती असलेल्या, पण वाचनात कच्च्या विद्यार्थ्यांना त्या खेळावरील उतारा, ती माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा अधिक समजला. त्यामुळे अनुमान हे सर्व विषयांना सारखेच लागू पडणारे कौशल्य मानण्याबाबत मतभेद आहेत. वाचनयुक्त्यांच्या थोड्या प्रशिक्षणाने लाभ होतो, परंतु त्याच सरावाची लांबण लावण्याने तो वाढत नाही, असे मत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी मांडले आहे. या मतानुसार विविध विषयांचे ज्ञान, समृद्ध शब्दसंपदा आणि विपुल वाचन यांना पर्याय नाही.

पूर्वज्ञान घरोघरी वेगळे असल्याने मूल्यमापनातही दक्षता घ्यावी लागते. खळे, मोट, सुगी यांच्या उल्लेखांवरून शेतकरी कुटुंबातील मूल जे सहज ओळखेल, ते शहरातील मुलाला कळेलच असे नाही; लिफ्ट किंवा लोकल यांच्या बाबतीत स्थिती उलट असते. एकाच संदर्भविश्वातील उतारे निवडल्यास परीक्षा अनुमानशक्तीऐवजी परिसराची होते.

हेही पहा

• वाचन
• न्यायदर्शन
• ध्वनी सिद्धान्त
• हेत्वाभास