प्रशासकीय अधिकारांसह टर्मिनल

प्रशासकीय अधिकारांसह टर्मिनल म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याची अशी खिडकी, जिच्यातून दिलेली प्रत्येक आज्ञा प्रशासकाच्या (ॲडमिनिस्ट्रेटरच्या) अधिकाराने पार पडते. मायक्रोसॉफ्ट विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, पॉवरशेल आणि विंडोज टर्मिनल ही त्याची प्रचलित साधने होत. ती एरवी मर्यादित अधिकारांनी उघडतात. मात्र ती प्रत्येक वेळी प्रशासकीय अधिकारांनीच सुरू व्हावीत अशी व्यवस्था करता येते.

पार्श्वभूमी

विंडोज एक्सपीच्या काळात घरगुती संगणकावरील खाते बहुधा प्रशासकाचेच असे. देवनागरी लिपी चालू करायची तरी जटिल लिप्यांच्या फाइली वेगळ्या बसवाव्या लागत आणि त्या कामासाठी प्रशासकीय खातेच लागे. या सरसकट अधिकारांचा लाभ विषाणूंनाही मिळत असे. म्हणून इ.स. २००६ अखेरीस आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये 'यूझर अकाउंट कंट्रोल' ही व्यवस्था आणली गेली.

या व्यवस्थेत प्रशासकाने प्रवेश केल्यावर त्याच्या नावे दोन अधिकारपत्रे तयार होतात, एक पूर्ण आणि एक छाटलेले. दैनंदिन कामे छाटलेल्या पत्रावर चालतात. पूर्ण पत्र वापरण्यापूर्वी पडदा मंद होऊन संमती विचारली जाते. खाते प्रशासकाचे असूनही 'ॲक्सेस इज डिनाइड' असा नकार येतो तो यामुळेच. सामान्य खातेदाराला संमतीऐवजी प्रशासकाचा पासवर्ड द्यावा लागतो.

मांडणी

एखाद्याच वेळी गरज असल्यास स्टार्ट मेनूत 'सीएमडी' शोधून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर या कळा एकत्र दाबणे पुरते. कायमच्या व्यवस्थेसाठी कमांड प्रॉम्प्टच्या शॉर्टकटवर उजवी टिचकी देऊन 'प्रॉपर्टीज' उघडावे. तेथील 'शॉर्टकट' विभागातील 'ॲडव्हान्स्ड' हे बटण दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' या चौकटीत खूण करावी. ही खूण त्या शॉर्टकटपुरतीच लागू होते. अन्य मार्गाने उघडलेली खिडकी पूर्ववत मर्यादितच राहते.

विंडोज टर्मिनलची पहिली स्थिर आवृत्ती मे २०२० मध्ये आली. त्यात ही सोय आरंभी नव्हती, ती १.१३ या आवृत्तीत मिळाली. सेटिंग्जमध्ये हवे ते प्रोफाइल निवडून 'रन धिस प्रोफाइल ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' हा पर्याय चालू करावा व 'सेव्ह' करावे. सर्वच प्रोफाइलना तो लागू करायचा असल्यास 'डिफॉल्ट्स'मध्ये बदल करावा. मर्यादित आणि प्रशासकीय टॅब एकाच खिडकीत नांदू शकत नाहीत, त्यामुळे असे प्रोफाइल स्वतंत्र खिडकीत उघडते. यापैकी कोणत्याही मार्गाने संमतीचा प्रश्न टळत नाही.

परिणाम व जोखीम

प्रशासकीय खिडकीच्या शीर्षकात 'ॲडमिनिस्ट्रेटर' असे लिहिलेले असते. कमांड प्रॉम्प्ट तेव्हा वापरकर्त्याच्या फोल्डरऐवजी विंडोजच्या 'सिस्टिम ३२' या फोल्डरात सुरू होतो. खरी धास्ती येथेच आहे: आपण आपल्याच फोल्डरात आहोत या समजुतीने दिलेली फाइली पुसण्याची आज्ञा तेथे प्रणालीच्या फाइलींवर चालू पाहते. शिवाय त्या खिडकीतून सुरू केलेला प्रत्येक कार्यक्रम तेच अधिकार घेऊन चालतो आणि पुन्हा संमती विचारली जात नाही. नेटवर्कवरील जोडलेले ड्राइव्ह त्या खिडकीत पुष्कळदा दिसत नाहीत, तेव्हा ते नाहीसे झाले असा गैरसमज होतो.

डिस्कची दुरुस्ती किंवा सिस्टिम फाइल चेकर चालवणे यांसाठी हे अधिकार अपरिहार्य आहेत. याउलट स्वतःच्या 'अक्कलकोट' नावाच्या फोल्डरातील सहलीच्या छायाचित्रांची नावे बदलायला त्यांची गरज नसते, कारण त्या फाइली वापरकर्त्याच्याच मालकीच्या असतात. टर्मिनल कायमचे प्रशासकीय करण्यापेक्षा एक साधे व एक प्रशासकीय अशी दोन प्रोफाइल ठेवणे अधिक शहाणपणाचे. शाळेची प्रयोगशाळा किंवा एमएस-सीआयटी केंद्र, जेथे एका संगणकावर अनेक विद्यार्थी बसतात, तेथे विद्यार्थ्यांची खाती सामान्यच असावीत.

अन्य प्रणाली

युनिक्स व लिनक्समध्ये सर्वाधिकारी खात्यास 'रूट' म्हणतात. तेथे संपूर्ण टर्मिनल रूटच्या अधिकाराने उघडण्यापेक्षा आज्ञेपुरते अधिकार मागण्याचा प्रघात आहे; त्यासाठीची 'सुडो' ही आज्ञा इ.स. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात तयार झाली. उबुंटूमध्ये तर रूट खात्याचा पासवर्ड मुळात बंदच असतो. मायक्रोसॉफ्टने इ.स. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत याच नावाची सोय दिली असून ती सेटिंग्जमधून चालू करावी लागते.