कॅमेरा-स्थिरक, घरगुती

छोटा व्हिडिओ कॅमेरा घेऊन चालताना चित्र हलू नये म्हणून घरच्या घरी तयार केलेली तोलाची जोडणी. बोलण्यात हिला स्टॅबिलायझर किंवा सरसकट स्टेडीकॅम म्हणतात. स्टेडीकॅम हे मुळात अमेरिकन छायाचित्रकार गॅरेट ब्राउन यांनी 1970 च्या दशकात घडवलेल्या यंत्राचे नाव. 1976 सालच्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ व ‘रॉकी’ या चित्रपटांतून त्याची करामत प्रेक्षकांनी पाहिली. यंत्र स्वतःच घडवण्याची जिद्द मराठी चित्रपटाला जुनीच आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी चित्रीकरणाचा कॅमेरा आपल्या हातांनी तयार केला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

स्थिरकाच्या बनावटीचे सामान किरकोळ आहे: कोयत्याच्या पात्यासारखी वाकवलेली ॲल्युमिनियमची पट्टी, वर कॅमेऱ्याची बैठक, बैठकीखाली कोणत्याही बाजूला कलणारा बॉल जॉइंट, त्याखाली बेअरिंगवर फिरणारी मूठ आणि पट्टीच्या खालच्या टोकाला वजनासाठी वायसर. 608 क्रमांकाचे, 8 मिमी भोकाचे बेअरिंग मुठीला पुरते. कॅमेऱ्याच्या बुडाला दोन सुती, म्हणजे पाव इंची, इंचाला 20 आट्यांचा बोल्ट लागतो. 6 मिमीचा बोल्ट दिसायला तसाच, पण त्याचे आटे जुळत नाहीत. जोर करून बसवल्यास कॅमेऱ्याचे आटे खराब होतात.

खरे काम तोलाचे. सगळ्या जोडणीचा गुरुत्वमध्य बॉल जॉइंटच्या अगदी किंचित खाली हवा. त्यासाठी कॅमेरा आडवा करून सोडावा. तो सरळ व्हायला दोन ते तीन सेकंद लागले तर तोल साधला. झटकन उभा राहिला तर खाली वजन जास्त आहे, एखादा वायसर काढावा. नवखे लोक इथेच चुकतात. जड बूड भरवशाचे वाटते, पण अशी जोडणी चालणारा थांबला की लंबकासारखी झुलत राहते. वजन दूरच्या टोकाला ठेवल्याने जडत्व वाढते आणि हाताचा कंप कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. पावलागणिक होणारी वरखाली मात्र याने जात नाही. ती शोषून घ्यायला ब्राउन यांच्या यंत्रात स्प्रिंगचा हात आहे. घरगुती जोडणीवाल्याने गुडघे थोडे वाकवून चालावे.

देवगड तालुक्यातील कुणकेश्वरची पुळण ही या साधनाची उत्तम कसोटी आहे. मऊ वाळूत पाय रुततो, ओल्या वाळूवर पाऊल सपाट पडते. म्हणून पाण्याच्या कडेने चालावे. दुपारचा खारा वारा हलक्या तोलाच्या कॅमेऱ्याला फिरवतो, तेव्हा मुठीवरच्या भागाला दोन बोटांचा हलका स्पर्श ठेवावा, घट्ट धरू नये. पहाटेचा मतलई वारा सौम्य असतो, समुद्राकाठच्या देवळाचे सलग चित्रण त्याच वेळी करावे. महाशिवरात्रीच्या यात्रेत देवस्वाऱ्यांच्या तीर्थस्नानाला गर्दी दाटते. तिथे जोडणी छातीशी घ्यावी आणि देवांच्या तरंगकाठ्यांना वाट मोकळी ठेवावी.

पुळणीवरून परतल्यावर बेअरिंग कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा एक थेंब सोडावा. खाऱ्या हवेत उघडे पोलाद लवकर गंजते आणि अडखळणाऱ्या बेअरिंगचा प्रत्येक हिसका चित्रात उतरतो.