व्हिंटेज कपड्यांचे माप: लेबलवरचा आकडा का फसवतो आणि टेप कुठे लावायची?

साधारण वीस वर्षांहून जुन्या, पण अजून वापरण्याजोग्या कपड्यांना व्हिंटेज म्हटले जाते. १९५० किंवा ६० च्या दशकातले अमेरिकी ड्रेस, लोकरी कोट, जीन्स आता घरबसल्या मागवता येतात. मात्र असा कपडा बहुधा एकच नग असतो. एक साइज मोठा मागवण्याची सोय नसते आणि अनेक विक्रेते तो परतही घेत नाहीत. म्हणून पैसे देण्याआधीच माप जुळवावे लागते.

लेबलवरच्या साइजचा इथे जवळजवळ काहीच उपयोग नाही. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेण्यात आली आणि त्यांच्या आधारे १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांचे प्रमाणित साइज जाहीर झाले. १९८३ मध्ये ते मागे घेतले गेले. गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून कंपन्या त्याच मापावर लहान आकडा छापत गेल्या. सिअर्सच्या १९३७ च्या कॅटलॉगमध्ये ३२ इंच छातीचा ड्रेस १४ नंबरचा होता, १९६७ मध्ये तोच ८ नंबरचा झाला. आज ८ नंबर घालणाऱ्या स्त्रीला जुन्या ८ नंबरची चेन वर ओढताच येणार नाही. आपल्याकडच्या जुन्या कपड्यांवर तर बऱ्याचदा साइजच नसतो, कारण ते शिंप्याने अंगावर माप घेऊन शिवलेले असतात.

कपडा मोजताना बटणे, चेन लावून तो टेबलावर सपाट पसरावा. सुरकुत्या हाताने सारख्या कराव्यात, पण कापड ताणू नये. एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंतचे अंतर घेऊन दुप्पट केले की छातीचे माप मिळते. कंबर आणि सीट यांचेही तसेच. विक्रेत्याने नुसते ‘छाती १९’ लिहिले असेल तर ते सपाट माप आहे, म्हणजे घेर ३८ इंच. हा गोंधळ फार होतो, तेव्हा विचारून घेतलेले बरे.

३८ चा कपडा ३८ च्या छातीला बसत नाही. श्वास घ्यायला, हात हलवायला जागा लागते. न ताणणाऱ्या कापडात ड्रेसला छातीत दोन ते तीन इंच आणि कंबरेत किमान एक इंच सैल हवे. आत शर्ट घालायच्या कोटाला चार इंच तरी. कंबर बसूनही मोजावी, उभ्यापेक्षा ती थोडी जास्तच भरते. १९५० च्या दशकातले ड्रेस आत घट्ट गर्डल घालून वापरले जात, त्यामुळे त्यांची कंबर छातीच्या मानाने फारच बारीक असते.

सगळ्यात जास्त विसरले जाणारे माप म्हणजे मुंढा. जुन्या कोटांचे आणि ड्रेसचे मुंढे उंच आणि अरुंद असतात. छाती बरोबर असूनही दंडात कपडा अडकतो तो यामुळेच. दंडाचा घेर आणि बाहीची वरची रुंदी दोन्ही पाहावी. पँटच्या बाबतीत आसनाची उंची बघावी. जुनी पँट बेंबीजवळ घातली जाई, म्हणून आपली कंबरही तिथेच मोजायची. सध्याची जीन्स जिथे बसते तिथे नाही.

या सगळ्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे आपल्या कपाटातला नीट बसणारा, तशाच धाटणीचा कपडा त्याच पद्धतीने मोजून आकडे ताडून पाहणे. अपवाद १९३० च्या दशकातल्या तिरक्या कापाच्या ड्रेसचा. ते टेबलावर अरुंद दिसतात आणि अंगावर ताणले जातात.

माप थोडे कमी पडत असेल तर कपडा उलटा करून शिवणीतली माया पाहावी. दोन्ही बाजूंच्या शिवणींत मिळून चार कडा असतात. प्रत्येक कडेतून अर्धा इंच सोडता आला तर घेर दोन इंचांनी वाढतो. पण उसवल्यावर जुन्या टिपांची भोके आणि न विटलेला पट्टा दिसतो, कधी कापडही विरलेले निघते. खांदा मोठा असेल तर कपडा सोडून देणेच शहाणपणाचे. ते काम अवघड आणि महाग आहे.

आणखी एक धोका धुण्याचा. १९४० च्या दशकातले रेयॉन क्रेप पाण्यात पडले की खूप आटते, त्यामुळे ते घरी भिजवू नये. कापड आधीच आटवून घेण्याची सॅन्फोरायझेशन पद्धत १९३० च्या सुमारास आली, पण सगळ्याच डेनिमवर ती वापरली गेली नाही. तसली, कधीही न धुतलेली जुनी जीन्स पहिल्या धुण्यात कंबरेत आणि लांबीत काही इंच कमी होऊ शकते. म्हणून ‘एकदाही न वापरलेली’ असे लिहिले असेल, तर ती धुतली होती का, हे विक्रेत्याला विचारावे.