परमुलुखातील आठवणी : एका वाचकाचे अभिप्राय

मराठ्यांच्या इतिहासावरील कादंबरी हाती पडली की आम्ही रायपूरकडचे मराठी वाचक ती एका बैठकीत संपवितो, आणि मिटून ठेवल्यावर मनाला थोडी चुटपुट लागते. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) अलीकडे पुन्हा वाचताना तसेच झाले. माधवराव पेशव्यांची मूर्ती या कादंबरीने मराठी मनात कायमची बसविली, हे निर्विवाद आहे. रमा-माधवांचे प्रसंग मला किंचित अधिक गोड वाटतात, ती गोष्ट निराळी. माझे म्हणणे दुसरेच आहे. शनिवारवाड्यात हे सारे घडत होते त्याच वर्षांत रतनपुरास बिंबाजी भोसले राज्य करीत होते. १७५८ पासून १७८७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे. त्यांच्यामागून नागपूरचे सुभेदार येऊ लागले. त्यांपैकी विठ्ठल दिनकर यांनी जुनी गढांची व्यवस्था मोडून परगणे पाडले, परगण्यावर कमाविसदार नेमले. नेमणुकीवर या मुलखात आलेले हे आपले पूर्वसुरी होत. वसुलीच्या बाबतीत या अमलाचा लौकिक चांगला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. परंतु धानाच्या या प्रदेशात भाकरीची आठवण काढीत त्यांची बायकामुले कशी राहिली असतील, याची कल्पना करावयास कादंबरीकाराइतका अधिकारी कोण? त्याची पालखी मात्र पुण्याहून निघते ती फार तर नागपूरच्या महालापर्यंत येते. शिवनाथ नदी ती ओलांडीत नाही.

म्हणून परमुलुखातील मराठी माणसाचा इतिहास आठवणींच्या पुस्तकांतच शोधावा, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. वरसईचा हा भिक्षुक डोक्यावरचे कर्ज फेडण्याच्या विवंचनेत, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाला आणि सत्तावनच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आत राहून पाहिला. घरी परतला तेव्हा पदरी द्रव्य बेताचेच होते, गंगाजल मात्र होते. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली संस्कार करून हे पुस्तक छापले; मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले. वाचावयाचे तर हे दुसरे वाचावे. भटजींची बोली तिथे आहे तशीच भेटते.

तथापि माझ्या लेखी सर्वांत वरचे स्थान लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे (१९३४ ते १९३७). पुस्तकाच्या आरंभीच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत येते. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवून घेण्याचे ते वेड वाचताना हसू आवरत नाही. पण त्या वेडाचे मूळही लक्ष्मीबाई सांगतात : आईच्या वडिलांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली, आणि तेव्हापासून घरात हे सोवळे शिरले. एका राजकीय घटनेचा परिणाम स्वयंपाकघरापर्यंत कसा पोहोचतो, हे मी कोणत्याही इतिहासग्रंथात इतक्या थोडक्यात वाचलेले नाही. त्याच वर्षी १० डिसेंबरला येथे रायपुरात सोनाखानच्या नारायणसिंहांना फाशी देण्यात आली. त्यांच्या घरातील एखाद्या लेकीने किंवा नातीने अशी कथा सांगितली असती तर!

आपल्या वाचकांना या पुस्तकाचे आणखी एका कारणाने अगत्य वाटेल. नारायण वामन टिळकांनी राजनांदगाव संस्थानात नोकरी धरली होती. नागपूरहून तिकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना 'नवा करार' दिला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. धर्मांतराची तात्त्विक चर्चा अन्यत्र मिळेल; मागे राहिलेल्या बायकोवर काय गुजरले, ते याच पुस्तकात मिळते, आणि तेही स्वतःलाच हसत सांगितलेले. आपण सुटीला गावी जातो-येतो तो हाच लोहमार्ग.

त्याच राजनांदगावात १९५८ ते १९६४ गजानन माधव मुक्तिबोध दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात, म्हणजे घर बदल्यांचे. घरातली भाषा मराठी. पण गजाननरावांची लेखणी हिंदीत रमली, तर धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहू लागले. शरच्चंद्रांची 'क्षिप्रा' (१९५४) मला काही ठिकाणी विचारांनी जड झालेली वाटली, तरी बिगरमहाराष्ट्रातील मराठी तरुणाचे मन तिच्यात आहे. गजाननरावांची 'विपात्र' ही लघुकादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. वरिष्ठाभोवती जमणारा दरबार आणि त्यात बसलेल्या सुशिक्षितांची घुसमट हा तिचा विषय आहे, तेव्हा कचेरीत काम करणाऱ्यांनी ती जपून वाचावी. दोन भावांच्या या कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या तर भाषा बदलल्याचे फार काळ लक्षात राहत नाही.